खोकला, ढेकूण आणि मनातलं बरंच काही

पोळ्याच्या दिवशी उमरेडकडच्या खेड्यांत दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या डहाळ्या लावतात. त्यांना म्हणतात मेढे. रात्रभर ते तिथेच असतात. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या पाडव्याला, फटफटायच्या आत पोरं उठतात, घरोघरचे मेढे काढून गोळा करतात आणि वेशीबाहेर घेऊन निघतात. जाताना बोंब ठोकतात: खोकला घेऊन जा, ढेकूण घेऊन जा, डास घेऊन जा, रोगराई घेऊन जा, गे मारबत! एखादी आजी ओट्यावरून हाक मारते, "माह्या गुडघ्याचंबी सांगजो रे बाप्पा." मग पोरगं पुढच्या वळणापर्यंत 'गुडघा, गुडघा' ओरडत जातं. वेशीबाहेर ढीग पडतो, त्याला काडी लागते आणि सगळे चहाला घरी परततात.

ही मारबत कोण, असं विचारलं तर दर घरी वेगळं उत्तर मिळेल. कुणी पूतनेची गोष्ट सांगेल: कृष्णाने मारल्यावर गोकुळातल्या लोकांनी तिला ओढत गावाबाहेर नेलं आणि जाळलं. कुणी नुसतंच 'रोगराई' म्हणेल. दिवस भाद्रपदाच्या तोंडाचे, पावसाळा अंगात मुरलेला, डबक्यांत डासांची पैदास, घराघरात तापाचं माणूस. अशा वेळी गावाने ठरवून एक सकाळ आजारपणाला हाकलण्यासाठी राखून ठेवली, यात नवल वाटण्यासारखं काही नाही. नवल पुढेच आहे. मनातलं साचलेलं बाहेर काढायचं कसं, यावर मानसशास्त्राने गेल्या चाळीसेक वर्षांत जे प्रयोग केले, त्यांतल्या बऱ्याच पायऱ्या या अर्ध्या तासाच्या आरडाओरड्यात हजर असतात. आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं, असली टिमकी मला वाजवायची नाही. मारबत डास हाकलत नाही. डासांसाठी डबकी बुजवावी लागतात. पण खोकल्याच्या यादीत माणसं हळूच जे घुसवतात, त्याचं काय होतं ते बघण्यासारखं आहे.

उमरेडपासून पन्नासेक किलोमीटरवर नागपुरात हाच प्रकार मोठ्या थाटात चालतो. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी मारबत १८८५ पासून. बांबू, कागद, कापड यांचे अवाढव्य पुतळे इतवारीच्या बोळांतून निघतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसांचा पूर येतो. सोबत बडगे असतात. हे पुरुष पुतळे, आणि त्यांचा विषय दरवर्षी ताजा: महागाई, भ्रष्टाचार, कुठलासा घोटाळा, शेजारचा देश. गळ्यात पाट्या, पाट्यांवर चावरा मजकूर. आणि यात एक गंमत अशी की पिवळ्या मारबतीची आधी पूजा होते. बायका तिची ओटी भरतात, लेकरांना तिच्या पायाशी टेकवतात, आणि मग तिलाच जाळायला नेतात. त्रास घेऊन जाणारीला निरोप द्यायचा तो मानाने. हा बारकावा मला फार शहाणपणाचा वाटतो. जे आपण इतके दिवस उराशी धरलं ते एका अर्थी आपलंच असतं, त्याला लाथ घालून कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदशेकणी असते. जू घासून घासून बैलाच्या खांद्याला घट्टा पडलेला असतो, त्याला हळद-तूप चोळून शेक देतात. म्हणजे तीन दिवसांच्या सणात पहिल्या दिवशी बैलाच्या ओझ्याची दखल आणि तिसऱ्या दिवशी माणसाच्या. बैलाचा घट्टा हाताला लागतो. माणसाचा कुठे असतो?

तोही शरीरातच असतो. धोका दिसला की मेंदू अड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल सोडायचा हुकूम देतो, छाती धडधडते, स्नायू ताठतात, पचन थांबतं. वाघ समोर आला तर हे फार उपयोगी, आणि उमरेड-पवनी-कऱ्हांडलाच्या जंगलाला लागून ज्यांची शेती आहे त्यांना हे मी सांगायची गरज नाही. वाघ गेला की यंत्रणा थंडावते. पण दहा वर्षांपूर्वी भर मांडवात भावाने केलेला अपमान नुसता आठवला, तरी तीच यंत्रणा पुन्हा जागी होते. रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या छाती धडधडू लागते. समोर वाघ नाही, भाऊ नाही, मांडवही कधीच उठला. ब्रूस मॅक्इवेन आणि एलियट स्टेलर या दोन शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये या रोजच्या झिजेला 'अ‍ॅलोस्टॅटिक लोड' असं नाव दिलं. पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या या घंटेची किंमत रक्तवाहिन्या, झोप आणि प्रतिकारशक्ती मोजत राहतात.

मग सोपा सल्ला येतो: विसरून जा, मनाला लावून घेऊ नको. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये या सल्ल्याची फार मजेशीर तपासणी केली. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे जेव्हा अस्वलाचा विचार करायला मोकळीक दिली, तेव्हा आधी विचार दाबलेल्यांच्या मनात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. कारणही छान आहे. विचार येत नाही ना, हे तपासायला मनाचा एक कोपरा सतत पहारा देतो, आणि पहारा द्यायचा तर कशाला अडवायचं ते लक्षात ठेवावंच लागतं. आपणच नेमलेला चौकीदार चोराचं नाव घोकत बसतो.

मारबतीत कुणी म्हणत नाही की खोकल्याचा विचार करू नका. उलट त्याचं नाव घेऊन गावभर बोंब मारतात. नाव घेण्याने काय होतं, हे मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनरखाली पाहिलं. घाबरलेले, चिडलेले चेहरे लोकांना दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द निवडायला सांगितला तेव्हा अमिग्डला, म्हणजे मेंदूतली धोक्याची घंटा, थोडी शांत झाली आणि कपाळामागचा विचार करणारा भाग जास्त चालू लागला. चेहऱ्याला नुसतं माणसाचं नाव द्यायला सांगितलं तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. 'राग आहे' असं नेमकं म्हणण्याने राग किंचित उतरतो. एवढीशी गोष्ट, पण आपल्याकडे दहा घरांतल्या नऊ घरांत राग, मत्सर, अपराधीपणा, एकटेपणा या सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरतात: टेन्शन. टेन्शन घेऊन जा म्हटलं तर मारबतीने नेमकं काय न्यायचं?

नाव घेतल्यावर त्या गोष्टीला अंग द्यायचं. पळसाची डहाळी हातात धरता येते, ओढता येते, जाळता येते. पश्चात्तापाला मूठच नसते. २०१० मध्ये शिउपिंग ली, लियुआन वेई आणि दिलीप सोमण यांनी एक साधा प्रयोग छापला. लोकांना आपल्या एखाद्या चुकलेल्या निर्णयाबद्दल कागदावर लिहायला लावलं. निम्म्यांनी कागद तसाच परत दिला, निम्म्यांनी पाकिटात घालून दिला. पाकीटवाल्यांना त्या निर्णयाची बोचणी कमी जाणवली. बस्स, एक पाकीट! जपानमधल्या नागोया विद्यापीठात युता कानाया आणि नोबुयुकी कावाई यांनी २०२४ मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं. विद्यार्थ्यांच्या लिखाणाला मुद्दाम कमी गुण दिले, वर अपमानकारक शेरा मारला. पोरं भडकली. मग त्यांना आपल्या भावना कागदावर उतरवायला सांगितलं. ज्यांनी कागद टोपलीत फेकला किंवा यंत्रात घालून त्याचे तुकडे केले, त्यांचा राग जवळजवळ पहिल्या पातळीवर आला. ज्यांनी कागद जवळ ठेवला, त्यांचा राग उतरला खरा, पण तेवढा नाही.

हा प्रयोग वाचताना मला सगळ्यात जास्त मौज वाटली ती त्या संशोधकांनी दिलेल्या दाखल्याची. नागोयाजवळ कियोसू गावी हियोशी देवस्थान आहे, तिथे एक उत्सव असतो. लोक मातीच्या छोट्या बशा फोडतात, आपल्याला चीड आणणाऱ्या गोष्टींच्या नावाने. प्रयोगाच्या निकालाचा धागा संशोधकांनी थेट या रिवाजाशी जोडला. तिकडे अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सँटा फे गावात विल शूस्टर नावाच्या चित्रकाराने १९२४ मध्ये झोझोब्रा नावाचा एक भलामोठा पुतळा जाळायची प्रथा सुरू केली. तीही आजतागायत चालू आहे, आणि साधारण मारबतीच्याच दिवसांत येते. गावकरी आपली दुःखं चिठ्ठ्यांवर लिहून, अगदी घटस्फोटाचे कागदसुद्धा, त्या पुतळ्यात भरायला देतात. इतवारी आणि सँटा फे यांची आपसात गाठ पडल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

विश्वास नसला तर हे चालतं का? मायकल नॉर्टन आणि फ्रान्सेस्का जिनो यांनी २०१४ मध्ये हे तपासलं. प्रयोगशाळेत सोडत काढून एकाला दोनशे डॉलर दिले, बाकीच्यांचा हिरमोड केला. मग हिरमुसलेल्यांतल्या काहींकडून एक घरगुती विधी करून घेतला: मनात काय चाललंय त्याचं कागदावर चित्र काढा, त्यावर चिमूटभर मीठ टाका, कागद फाडा, मनात दहापर्यंत आकडे मोजा. विधी करणाऱ्यांना हळहळ कमी वाटली, आणि विधींवर आपला विश्वास नाही म्हणणाऱ्यांनाही तसाच फायदा झाला. कारण त्यांना हातातून निसटलेला ताबा थोडा परत आल्यासारखा वाटला. मीठ कुठून सुचलं देव जाणे. आमच्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकणाऱ्या बायकांना हे सांगितलं तर त्या म्हणतील, मोहऱ्या विसरले वाटतं.

इथवर सगळं गोडगोड. पण पुतळे जाळण्यात एक खड्डाही आहे. मन मोकळं करायचं म्हणजे राग ओकून टाकायचा, ही समजूत आपल्यात फार खोल रुजलेली आहे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये सहाशे विद्यार्थ्यांवर ती तपासली. चिडवलेल्या मंडळींतल्या काहींना ठोसे मारायची पिशवी दिली आणि ज्याने चिडवलं त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून हाणायला सांगितलं. दुसऱ्या गटाला नुसतं बसवून ठेवलं. हाणणारे शेवटी जास्त चिडलेले निघाले, बसलेले शांत. म्हणजे शेजाऱ्याचं नाव घेऊन उशी बडवली तर उशी फाटते आणि शेजारी मनात आणखी ठाण मांडून बसतो. नागोयाचे विद्यार्थी कुणाला मारत नव्हते, स्वतःच्या भावनेचा कागद टाकत होते. फरक बारीक आहे, पण सगळं त्याच्यावरच अवलंबून आहे. खेड्यातली मारबत या कसोटीला उतरते. तिच्यात शेजारी नसतो. खोकला असतो, ढेकूण असतात, गुडघा असतो.

नागपूरच्या काळ्या मारबतीचं मात्र तसं सरळ नाही. लोक सांगतात ती बाकाबाईची. बाकाबाई म्हणजे दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या राणी. १८५७ च्या धामधुमीत त्या इंग्रजांच्या बाजूने राहिल्या आणि त्याचा निषेध म्हणून काळी मारबत सुरू झाली, असं मानतात. बाकाबाई १८५८ मध्ये वारल्या. बाईच्या पश्चात दीडशेहून अधिक वर्षं उलटली आणि शहर अजून दरसाल तिला जाळतं. मनातलं सोडून देण्याच्या सणाने एक जुना राग इतक्या नेमाने जपून ठेवावा, हे मला दरवेळी गमतीचं वाटतं. पुतळा जळतो, गोष्ट उरते, आणि गोष्ट पुढच्या पिढीच्या कानात जाते. माणसांच्या घरांतही हेच होतं. बांधाचं भांडण आजोबांचं, जमीन कधीच विकली गेली, पण नातू अजून त्या घरचं लग्नाचं आवतण घेत नाही.

ओझं टाकलं म्हणजे आठवण पुसली, असं होत नाही. मग काय होतं? २००० साली करीम नादेर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांनी उंदरांवर एक प्रयोग केला, ज्याने स्मरणशक्तीबद्दलची जुनी समजूत हलवली. एका ठरावीक आवाजाला घाबरायला शिकलेल्या उंदरांना तो आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच अमिग्डलात एक औषध टोचलं. भीती नाहीशी झाली. आवाज न ऐकवता औषध दिलं तर भीती जशीच्या तशी. म्हणजे आठवण वर आली की काही काळ ओली होते आणि पुन्हा साठवताना तिच्यात बदल होऊ शकतो. आपण समजतो आठवण कोरीव लेखासारखी असते, आणि ती तर दर खेपेला नव्याने लिहिली जाते! माणसांच्या उपचारात हे कितपत वापरता येईल यावर अजून वाद चालू आहेत. पण जुनी गोष्ट नव्या माणसांत, नव्या वयात, जरा हसत बोलली की तिचा काटा का बोथट होतो, याचा अंदाज यातून येतो.

ज्यांच्या गावात मारबत निघत नाही त्यांच्यासाठी सगळ्यात जास्त तपासला गेलेला मार्ग लिहिण्याचा. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा अभ्यास १९८६ चा. विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात जखमी करणाऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. काहींनी नुसत्या घटना लिहिल्या, काहींनी नुसत्या भावना, काहींनी दोन्ही. दोन्ही लिहिणारे त्या त्या दिवशी जास्त उदास झाले, पण पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याच्या पायऱ्या कमी चढले. नंतर असे शेकडो प्रयोग झाले. सगळ्यांची सरासरी काढली तर फायदा लहानच, म्हणून याला कुणी संजीवनी म्हणून विकत असेल तर जपून. त्यातली एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी. पहिल्या दिवशी नुसता आकांत लिहिणारे आणि चौथ्या दिवसापर्यंत 'कारण', 'म्हणून', 'आता कळतंय' असे शब्द वापरू लागलेले, अशांना जास्त लाभ झाला. रोज तोच आकांत लिहिणाऱ्यांना तेवढा नाही. लिहून झाल्यावर कागद कुणाला दाखवायची गरज नाही. शुद्धलेखनाचीही नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण 'सोडून द्या' हा सल्ला हल्ली फार स्वस्त झाला आहे. उमरेडला कोळशाची उघडी खाण आहे. त्या धुळीतला खोकला मनाचा नाही. भिवापूर-उमरेड पट्ट्यात मिरची लावणाऱ्याचा भाव पडला, वर कर्जाचा हप्ता आला, तर त्याला श्वास आत घ्या, बाहेर सोडा म्हणणं हा चावटपणा आहे. काही ओझी खरोखरच बाहेरची असतात आणि ती बाहेरच उतरवावी लागतात. आणि काही इतकी आत गेलेली असतात की डहाळी-कागदाने हलत नाहीत. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही, जगण्यात रस नाही, असं झालं की तो आजार असतो आणि त्याला उपचार आहेत.

या बाबतीत विदर्भातच एक मोठं काम झालं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच साध्या माणसांना समुपदेशनाचं शिक्षण देऊन घरोघर पाठवलं, गरज पडली तर पुढे डॉक्टरकडे. नैराश्य असलेल्या लोकांपैकी काही ना काही मदत घेणारे आधी फक्त ४.३ टक्के होते. दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हे 'लॅन्सेट सायकियाट्री'मध्ये मांडलं. मला त्या दुसऱ्या आकड्यापेक्षा पहिला जास्त टोचतो. शंभरातले पंच्याण्णव जण कुणाशीच न बोलता ओझं वाहत होते, आणि मदत पोचली तर घेणारे निघाले. आता केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. १४४१६ वर फोन केला की मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि पाडव्याच्या, म्हणजे करीच्या, दिवशी विदर्भात आणखी एक मार्ग जोरात चालतो, तो सगळ्यांना ठाऊक आहे: बाटली आणि पत्ते. दारूने त्या रात्रीपुरतं मन हलकं होतं हे खोटं नाही. पण दारूची झोप तुटक असते, आणि चांगली झोप भावनांचा काटा झिजवायला मदत करते. त्यामुळे सकाळी मारबतीच्या हवाली केलेलं रात्रीतून परत घरी येतं, वर खिसाही रिकामा.

त्या दिवसाची दुपार मात्र वेगळ्यांची असते. पाडव्यालाच तान्हा पोळा. दुसऱ्या रघुजींनी तो १८०६ मध्ये सुरू केला असं नागपुरात सांगतात. पहाटे जी पोरं रोगराईच्या नावाने बोंबलत होती, तीच दुपारी नवे कपडे घालून लाकडी नंदी ओढत निघतात. नंदीला झूल, गळ्यात घुंगरू, चाक एक तरी हमखास डुगडुगणारं. दारोदार जायचं आणि बोजारा मागायचा. कुणी दहाची नोट ठेवतं, कुणी चॉकलेट, कुणी दार उघडतच नाही. संध्याकाळी पारावर हिशेब होतो, कुणाचा बोजारा जास्त झाला त्यावरून हमरीतुमरी होते. त्यातला एक जण रुसून घरी जातो आणि आजी त्याला विचारते, "काऊन रे, मारबत मघाशी गेली ना?"